दारू सोडच, पण एकट्याने आणि एका रात्रीत नको

देवगड तालुक्यातल्या एका २६ वर्षांच्या मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. चार वर्षं रोजची दारू, गेलं वर्षभर दिवसाला दोन क्वार्टर. आंब्याचं काम आटोपल्यावर मे अखेरीस त्याने घरात कुणाला न सांगता एकदम बंद केली. पहिल्याच संध्याकाळी हात कापायला लागले, घामाने अंथरूण भिजलं, पोटात काही राहीना. दुसऱ्या रात्री पडवीत माणसं बोलत बसली आहेत असं ऐकू येऊ लागलं, भिंतीवर काहीतरी सरपटताना दिसलं. दिवा लावला तर कोणी नाही. पहाटे त्याने उतारा म्हणून पुन्हा थोडी दारू घेतली आणि तासाभरात सगळं थांबलं. तेव्हापासून सोडायचं नाव काढलं तरी भीती वाटते. चतुर्थीला एक महिना आहे, गणपती घरात यायच्या आधी सुटायला हवी. तो विचारतो: मला वेड लागतंय का? पुन्हा सोडली तर मी मरेन का? आणि गावात बोभाटा न होता, आईलाही न कळता मदत कुठे मिळेल?

तुझा प्रश्न वाचला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. पहिलं मनात आलं ते हे, की माझं उत्तर पोचायच्या आत या पोराने पुन्हा एकट्याने बंद करू नये. म्हणून तेच आधी सांगतो. डॉक्टरांची गाठ पडेपर्यंत दारू एकदम बंद करू नकोस. आहे त्यापेक्षा वाढवू नकोस, पण झटक्यात शून्यावरही आणू नकोस. गेली २२ वर्षं या किनाऱ्यावर लोकांना दारू सोडा म्हणून विनवत आलेला डॉक्टर हे सांगतोय, तेव्हा त्याला तसंच कारण आहे.

आणि हे वाचताना तू आधीच बंद केली असशील, कापरं भरलं असेल, तर पुढचं वाचत बसू नकोस. घरातल्या कुणाला तरी उठव आणि दवाखाना गाठ. आकडी आली, भास सुरू झाले, ताप चढला किंवा आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं, तर घरच्यांनी १०८ ला फोन करायचा. सकाळ होण्याची वाट पाहायची नाही.

आता तुझा पहिला प्रश्न. तुला वेड लागलेलं नाही. दोन क्वार्टर म्हणजे ३६० मिली. बाजारातल्या ४२.८ टक्क्यांच्या दारूचा हिशेब केला तर रोज जवळजवळ १२० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल तुझ्या अंगात जातंय. दारू मेंदूला सुस्तावते. मेंदूला तर जागं राहून काम करायचं असतं, म्हणून तो दर दिवशी थोडा जास्त जोर लावायला शिकतो. तू किनाऱ्यावर रापण, म्हणजे ते मोठं जाळं, ओढताना पाहिली असशील. पंधरा-वीस माणसं पाय रोवून रशी ओढत असतात आणि मधेच ती तुटली तर सगळी मागे कोसळतात, कारण समोरची ओढ गेली तरी त्यांचा जोर तसाच असतो. दारू एकदम बंद केल्यावर मेंदूचं असंच होतं. छातीतली धडधड, घाम, कापरे हात, ते भास, हा सगळा त्या मोकळ्या सुटलेल्या जोराचा खेळ आहे. तुझ्या हिमतीचा किंवा चारित्र्याचा त्यात काही संबंध नाही. लष्करातून निवृत्त झालेली माणसंही माझ्यासमोर अशीच थरथरत बसलेली मी पाहिली आहेत.

हे सगळं साधारण ठरलेल्या वेळेने येतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापू लागतात, झोप उडते, ओकाऱ्या येतात. आकडी यायची असली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. भासही याच काळात, तुला झाले तसे. आणि ज्याला आम्ही सगळ्यात जास्त घाबरतो ते भान हरपणं ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जेव्हा घरच्यांना वाटतं की आता निभावलं.

तुझ्या त्या रात्रीतली एक गोष्ट मी दोनदा वाचली. तू उठून दिवा लावलास आणि कोणी नाही हे तुला समजलं. म्हणजे तू भानावर होतास. ते भान जातं तेव्हा काय होतं ते तुला कळावं म्हणून एका खलाशाची गोष्ट सांगतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हे दोन महिने तो बंदरावर रोज पीत होता. ऑगस्टच्या सुरुवातीला बोट निघाली, बोटीवर तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, बाटली चढू दिली नाही. दुसऱ्या दिवशी खोल समुद्रात त्याला आकडी आली. बोट माघारी आणून त्याला आमच्याकडे पोचवेपर्यंत आणखी एक आली. तिसऱ्या रात्री मी वॉर्डात गेलो तर तो खाटेवर बसून चादरीची कड दोन्ही हातांनी ओढून मांडीवर गोळा करत होता. मधेच बोटांनी काहीतरी वेगळं काढून उशीशेजारी ठेवत होता. मी विचारलं, काय चाललंय? माझ्याकडे न बघता म्हणाला, "बांगडो इलो, हात लाव." तो जाळं ओढत होता. अंगात १०२ ताप, नाडी १४०, आणि त्याच्या मते तो बोटीवर होता. या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. तो वाचला, सहाव्या दिवशी शुद्धीवर आला आणि त्यातलं त्याला काहीही आठवत नव्हतं. उपचार नसण्याच्या काळात यात शंभरातले पंधरा किंवा त्याहूनही जास्त दगावत. आता वेळेवर दवाखान्यात आलेल्यांत हे प्रमाण पाचाच्या आत आहे. तेव्हा तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: घरात कोंडून घेऊन सोडलीस तर जिवाला धोका खरा आहे. दवाखान्यात सोडलीस तर तू बहुतेक आठवडाभरात पायांवर चालत घरी येशील.

आणखी एक, जे फार कमी लोकांना ठाऊक असतं. दर वेळी अचानक सोडायची आणि घाबरून पुन्हा धरायची, असं केलं की पुढची खेप आधीपेक्षा जड जाते. ज्याला पहिल्यांदा नुसतं कापरं भरलं त्याला तिसऱ्या-चौथ्या वेळी आकडी येऊ शकते. तुझी एक खेप भासांपर्यंत जाऊन आलेली आहे. पुढची तू अंदाजावर काढू नयेस असं मला वाटतं, आणि घरी राहून गोळ्या घेण्यापेक्षा दाखल हो असंच मी सांगेन. ज्याला कधी आकडी नाही, भास नाहीत, घरात शुद्धीवरचं माणूस चोवीस तास सोबत आहे आणि दवाखाना जवळ आहे, अशांचं कधी कधी घरीही निभावतं. तू त्यात बसत नाहीस.

आता चतुर्थीचं. तू धरलेली मुदत चांगली आहे, पण इथे मला दरवर्षी दिसणारी गोष्ट तुला सांगायलाच हवी. आपल्याकडे माणसं हरतालिकेच्या दिवशी सोडतात. मूर्ती घरात येणार, चाकरमानी आलेले, घर माणसांनी भरलेलं, तेव्हा आजपासून बंद. भावना मनापासूनची असते. चतुर्थीला आरतीत टाळ धरताना हात कापतात, लोक म्हणतात उपवासाने झालं. ऋषिपंचमीच्या रात्री आकडी येते. त्या रात्री घरात सगळे थकून झोपलेले, गाडीवाला भजनाला गेलेला, दवाखान्यात निम्मे कर्मचारी रजेवर. पाऊस असेल तर कुठे झाड पडलंय, कुठे दरड आलीय ते सांगता येत नाही. म्हणून चतुर्थीला नको. याच आठवड्यात सुरुवात कर, म्हणजे गणपती येईल तेव्हा तुझे दोन-तीन आठवडे पुरे झालेले असतील आणि तू आरतीला नीट उभा राहशील. देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाल. पंढरपूरला जाऊन माळ घालून सुटलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि त्या माळेला मी मानतो. माळेने पुढची वर्षं सांभाळली जातात, पहिले पाच दिवस मात्र औषधाने काढावे लागतात.

भासांचं नाव काढलं की आणखी एक भीती असते, बाहेरची बाधा झाली असेल. तुझ्या आईने अंगारा लावला तर लावू दे, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते रात्रभर भगताकडे बसवून ठेवल्याने, कारण ते तासच मोलाचे असतात.

दवाखान्यात काय होतं ते सांगतो, कारण अर्धी भीती न पाहिलेल्या गोष्टीची असते. पहिल्या दिवशी क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा यकृत बिघडलं असेल तर लोराझेपाम, या जातीचं औषध सुरू होतं. दारू मेंदूच्या ज्या जागी काम करायची साधारण तिथेच हे काम करतं आणि मग पाच-सात दिवसांत ते पायरी पायरीने उतरवून बंद करतात. दर काही तासांनी नर्स येऊन हात पुढे धरायला सांगते, नाडी, घाम, ताप बघते, तारीख-वार विचारते. कंटाळा येईल, पण उत्तर देत राहा, त्यावरच औषध कमी-जास्त होतं. तेच औषध मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनाने घेऊ नकोस. त्यावर दारू पडली तर श्वास मंदावतो आणि झोपेतच माणूस जाऊ शकतो.

दुसरं औषध म्हणजे बी-१, थायामिन, आणि ते इंजेक्शनने. त्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिथे माझ्या हातून चूक झालेली आहे. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. चाळिशीतला एक माणूस अशक्तपणा म्हणून आणला. घरचे म्हणाले, जेवत नाही, सलाईन लावा. मी ग्लुकोजची बाटली लावली. किती पितो, शेवटची कधी घेतली, हे मी विचारलंच नाही आणि लाजेने त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला सरळ उभं राहता येईना, डोळ्यांची बुबुळं थरथरत होती, बायकोला तो बहीण समजत होता. रोज पिणाऱ्याच्या अंगात थायामिन आधीच संपत आलेलं असतं. त्यावर नुसतं ग्लुकोज गेलं की उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होते. तो जगला, पण आज काय जेवलो हे त्याला संध्याकाळी आठवत नसे, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. म्हणून तुला सांगतो, कुठेही सलाईन लावायला घेतली तर आधी तोंडाने सांग: मी रोज पितो, आधी बी-१ द्या. डॉक्टर रागावणार नाही, आणि रागावला तरी चालेल.

जाता जाता, आपली उकड्या तांदळाची पेज या दिवसांत खरोखर चांगली. भात उकडून मग कांडल्यामुळे कोंड्यातलं बी-१ काही अंशी दाण्यात उतरतं, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ते राहत नाही. पोटात ठरत असेल तर मीठ घालून पेज घे. इंजेक्शनची जागा मात्र ती घेत नाही.

घरच्यांसाठी दोन ओळी, त्या आईला किंवा मित्राला वाचायला दे. आकडी आली तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, आजूबाजूची भांडी, विळी दूर सारा. तोंडात चमचा घालू नका, पाणी ओतू नका, हातात किल्ल्या देऊ नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. घड्याळ बघा आणि १०८ ला सांगा. आणि कुणी चहातून गुपचूप द्यायची दारू सोडवण्याची पुडी सुचवली तर घरात आणू नका. अशा पुड्यांत काय असतं ते कुणीच सांगत नाही. डायसल्फिरामसारखं औषध त्यात असेल आणि माणूस त्यावर प्यायला तर रक्तदाब कोसळून हृदय बंद पडू शकतं. ते औषध खरं आहे, आम्हीही देतो, पण माणसाला समजावून, त्याच्या संमतीने आणि अंगातली दारू पूर्ण उतरल्यावर.

मदत कुठे, या प्रश्नावर येतो. तुझ्या जिल्ह्याचं जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे. तुला दीड-दोन तासांचा रस्ता, आणि गावापासून लांब असणं तुला हवंच आहे. रत्नागिरीला जिल्हा रुग्णालयाखेरीज प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या अशा चारांपैकी एक. त्या नावाला बिचकू नकोस, व्यसनाचे रुग्णही मानसोपचाराकडेच येतात. आधी नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी फोन आहे, चोवीस तास, मराठीत, आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६. या दिवसांत जीव नकोसा होतो, नको ते विचार येतात, असं पुष्कळांचं होतं. तुझं झालं तर लाजू नकोस, त्याच १४४१६ वर त्या क्षणी सांग.

नाव बाहेर जाण्याबद्दल: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक त्रास धरलेले आहेत, आणि तुझी माहिती गुप्त ठेवणं त्या कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्याच कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणं गुन्हा आहे. हे सांगतोय कारण व्यसनमुक्तीच्या नावाने चालणाऱ्या एका केंद्रातून आलेला मुलगा मी तपासला होता, त्याच्या घोट्याला साखळीचे वळ होते आणि तिथे पाच दिवस डॉक्टर फिरकला नव्हता. सगळी केंद्रं तशी नाहीत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय आणि आपल्या भागातली कितीतरी माणसं तिथून उभी राहून आली आहेत. कुठल्याही केंद्रात जाताना एवढंच विचार: रात्री डॉक्टर असतो का, पहिल्या आठवड्यात औषध कोण देतं, घरच्यांना भेटता येतं का. उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तिथून निघ.

पण बोभाट्याबद्दल मला तुझ्याशी थोडं वेगळं बोलायचंय. गावाला कळू नये हे ठीक. आईला कळू नये असं तू लिहिलं आहेस, ते मात्र बदल. चार वर्षं एका घरात राहणाऱ्या आईला माहीत नसतं असं मी आजवर पाहिलेलं नाही. एक आई माझ्यासमोर म्हणाली होती, "माका सगळा म्हायत होता, झिलाक लाज वाटात म्हणान गप रवलंय." म्हणजे, मुलाला लाज वाटेल म्हणून ती गप्प राहिली होती. तू भिंतीवरची सरपटणारी सावली बघत जागा होतास, तेव्हा पलीकडच्या खोलीत ती झोपलेली होती असं तुला खात्रीने वाटतं का? तिला सगळं सांगायची गरज नाही. "आई, सोडायची आहे, त्रास होतो, आठवडाभर दवाखान्यात राहावं लागेल" एवढं पुरे. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते ती तुझ्यापेक्षा नीट सांभाळेल.

पुढच्या महिन्यांबद्दल आत्ता फार लिहीत नाही, ते तुला तिथे भेटून सांगतील. झोप काही आठवडे नीट लागत नाही, ती येते. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट ही औषधं आहेत, दाखल असतानाच त्याबद्दल विचार. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मराठी सभा असतात, एकदा तरी मागच्या खुर्चीवर जाऊन बस, बोलावं लागत नाही.

आता तयारी. एका कागदावर हे लिहून खिशात ठेव: रोज दोन क्वार्टर, चार वर्षं, शेवटची कधी घेतली ती वेळ, मे महिन्यात दुसऱ्या रात्री भास झाले, आकडी नाही, दुसरा आजार आणि गोळ्या असतील तर त्या. दवाखान्यात हात कापत असताना तोंडातून शब्द फुटत नाहीत, तेव्हा तो कागद पुढे कर. पिशवीत दोन लुंग्या, टॉवेल, एक चादर घे, पावसात वॉर्डात गारठा असतो. सोमवारी सकाळच्या ओपीडीला पोच. रविवारी रात्री नेहमीपेक्षा जास्त नको, शेवटची म्हणून तर अजिबात नको. आणि मोटारसायकल स्वतः चालवू नकोस, हात कापत असताना घाटीच्या वळणावर ब्रेक धरता येत नाही. मित्राला मागे बसवू नकोस, त्याला पुढे बसव.